बावन्न किलो आणि वारा

दुकानदारानं सायकल माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, "अक्का, एका हातानं उचलून बघा."

मी उचलली आणि तोल जाऊन मागच्या टायरच्या ढिगाला टेकले. हातानं तयारी केली होती माझ्या जुन्या सायकलच्या वजनाची, आणि वर आलं ते निम्म्याच्या आसपास. त्याला हसू आवरेना, मलाही आवरेना. मी ती खाली ठेवली, परत उचलली, मग नुसत्या दोन बोटांवर घेऊन बघितली. माणूस ज्यावर बसून शंभर किलोमीटर जातो ती वस्तू दोन बोटांवर मावते, हे काही केल्या पटेना.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. सोलापुरातल्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. लंबक टांगायचे, भिंगं पुसायची, मुलांनी शेजारच्याची उतरवलेली रीडिंगं ओळखायची, या कामात माझी वीस वर्षं गेली होती. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही, आणि त्याला आता बरीच वर्षं झाली. वडिलांना आम्ही लहानपणापासून दादा म्हणतो. ते कापडगिरणीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून परत चालता करणारा माणूस. गिरणी बंद पडली, पण यंत्राला कान लावायची त्यांची सवय गेली नाही. आमचा मिक्सर जरा वेगळा आवाज करू लागला की ते बाहेरच्या खोलीतून उठून येतात.

सायकल चालवायला मी उशिरा लागले. रक्तातली साखर काठावर आलीय, असं डॉक्टर म्हणाले म्हणून सुरुवात केली आणि मग साखर विसरून गेले. दर रविवारी आमचा बारा-पंधरा जणांचा गट निघायचा. कधी अक्कलकोटच्या रस्त्याला, कधी तुळजापूरच्या. मी बरी चालवायचे. पण वारा सुटला की मी मागं पडायचे, आणि अशी मागं पडायचे की पुढच्यांना चहाच्या टपरीवर अर्धा अर्धा तास थांबावं लागायचं. कुणी बोलायचं नाही. पण टपरीपाशी पोचल्यावर सगळ्यांचे रिकामे कप बघून मला कानकोंडं व्हायचं.

त्या वर्षी पगाराच्या फरकाची रक्कम हातात आली. जानेवारीत आमच्याच लोकांनी विजापूर रोडवर साठ किलोमीटरची शर्यत ठरवली होती. मी म्हटलं, आता एकदा खरी शर्यतीची सायकल घ्यायची.

दुकानात माझ्यापुढं तीन सायकली होत्या. दोन बोटांवर उचलली ती पहिली, कार्बनची, बारीक गोल नळ्यांची, चढासाठी केलेली. दुसरीही कार्बनचीच, पण तिच्या नळ्या चपट्या होत्या, माशाच्या अंगासारख्या, आणि चाकांच्या रिमा चांगल्या चार बोटं खोल. ती वारा कापते, असं दुकानदार म्हणाला. वजनाला पहिलीपेक्षा दीड किलोनं जास्त. दोन्हींची किंमत अडीच लाखांच्या आसपास. तिसरी ॲल्युमिनियमची. वजन दुसरीइतकंच, आकार साधा, आणि किंमत निम्म्याहून कमी.

दुकानदार पद्मशाली घरातला. घरी तेलुगू बोलणारा, गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठी. वडिलांचा टॉवेलचा कारखाना भावाकडं सोडून त्यानं सायकलीचं दुकान टाकलं होतं. तो मला घाई करत नव्हता. म्हणाला, "हलकी घ्यायची का वारा कापणारी, ते तुमच्यावर हाय. तुम्ही चढाला जास्त जाता का माळाला?"

"सोलापुरात राहून चढाला कुठं जाणार?"

"मग झालं की. वारा कापणारी घ्या."

"पण किती कापते? म्हणजे नेमकं किती?"

त्यानं डोकं खाजवलं. "कंपनीवाले सांगत्यात ते सांगू का, खरं सांगू?"

"खरं."

"खरं मला म्हाईत नाही, अक्का."

एवढं प्रामाणिक उत्तर मला दुकानात कधीच मिळालं नव्हतं. मी म्हटलं, "मग मोजू या."

तो तयार झाला. दुकानात दाखवण्यासाठी ठेवलेल्या पहिल्या दोन सायकली आलटून पालटून रविवारी न्यायला द्यायच्या, असं ठरलं. तोही येणार होता. त्यालाही उत्सुकता लागली होती.

हिप्परग्याच्या तलावापुढं नवा मोठा रस्ता झाल्यावर जुन्या रस्त्याचा एक तुकडा बाजूला तसाच पडून राहिलाय. आधी उतार, मग लांब सपाटी. वाहतूक नाही, फार तर शेळ्या. आमचा प्रयोग साधा होता. उताराच्या माथ्यावर, एका किलोमीटरच्या दगडापाशी सायकल उभी करायची, पाय पायडलवर ठेवायचे, ब्रेक सोडायचा. पायडल अजिबात मारायचं नाही. सायकल जिथं थांबेल तिथं खूण करायची. हवा जितकी कमी अडवेल तितकी खूण पुढं जाईल. दादा घरून खडू आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले आणि सपाटीवर जाऊन बसले.

पहिल्यांदा माझी जुनी सायकल सोडली. मग बारीक नळ्यांची, मग चपट्या नळ्यांची. प्रत्येकीच्या पाच-पाच फेऱ्या. एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि त्या सकाळी कळलं की ते किती खरं आहे. त्याच सायकलवर, त्याच माणसाच्या दोन खुणांत दहा-बारा पावलांचा फरक पडायचा. वाऱ्याची एक झुळूक पुरायची.

सरासरी काढली तेव्हा चपट्या नळ्यांची सायकल बारीक नळ्यांच्या सायकलपेक्षा सात पावलं पुढं गेली होती. दुकानदाराचा चेहरा उतरला. "एवढंच? सातच?"

दादा खुर्चीतून म्हणाले, "तू अशी ताठ का बसतीस गं? ध्वजवंदनाला उभी राह्यल्यागत?"

मी तशी बसते हे मला माहीतच नव्हतं. मी त्याच चपट्या नळ्यांच्या सायकलवर हँडलच्या खालच्या वाकड्या भागाला हात धरून, कोपर वाकवून, हनुवटी खाली घेऊन परत सुटले. सायकल खडूच्या सगळ्या खुणा ओलांडून गेली. दादांच्या खुर्चीच्याही पुढं गेली. दादा खुर्ची उचलून मागोमाग चालत आले. आधीच्या खुणेपासून पावलं मोजली, एकोणचाळीस.

नळ्यांच्या आकारानं सात पावलं दिली होती, आणि पाठ वाकवण्यानं एकोणचाळीस. तीही फुकट.

मग दुकानदाराला चेव आला. तो स्वतः बसला आणि त्याच सायकलवरून, फारसं न वाकता, माझ्या खुणेच्याही पुढं गेला. त्याचं वजन नव्वदच्या वर. तो खूश झाला, मला मात्र चैन पडेना. उताराला जड माणूस जास्त लांब जातो, कारण वारा त्याला तेवढा थोपवू शकत नाही. हे पुस्तकात मी शंभर वेळा वाचलेलं. पण किती? पुढच्या रविवारी मी घरातली दहा किलो मंगळवेढ्याची ज्वारी पाठीवरच्या पिशवीत भरून आणली. तेवढी वजनवाढ घेऊन सायकल सोडली तर ती पुढं जाण्याऐवजी दोन पावलं मागंच थांबली.

"ज्वारी खोटी हाय," दुकानदार म्हणाला.

मी विचार करत बसले. शेवटी लक्षात आलं की मी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. वजन वाढवलं होतं आणि पाठीवर एक फुगलेलं पोतं लावून वाराही अडवला होता. ही चूक माझ्या वर्गातल्या पोरानं केली असती तर मी वही परत केली असती. दादांनी उपाय काढला. ज्वारी दोन लांबट पिशव्यांत भरली, शर्टाच्या आत पोटाला गुंडाळली, वरून ओढणीनं आवळली. मी सायकलवर बसले तेव्हा बाजूनं शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली आणि माझ्या पोटाकडं बघून दादांना म्हणाली, "अशा दिवसांत सायकल चालवू देताय व्हय वो?"

दादांनी तिला समजवायचा प्रयत्न केला. ज्वारी म्हटल्यावर तिचा विश्वास आणखीच उडाला. त्या फेरीला मात्र सायकल सोळा पावलं पुढं गेली.

आता चढाची बाजू राहिली होती. तुळजापूरचा घाट आमच्याकडं एवढा एकच म्हणावा असा चढ. दोन वेगळ्या सकाळी मी तो चढले, एकदा चपट्या नळ्यांच्या सायकलवर, एकदा दीड किलोनं हलक्या सायकलवर. नाडीचे ठोके मोजणारा पट्टा छातीला बांधला होता, दोन्ही वेळी ठोके सारखे ठेवायचा प्रयत्न केला. हलक्या सायकलनं अठरा सेकंद वाचवले. घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. सायकल, पाणी-सामान आणि मी मिळून बासष्ट-त्रेसष्ट किलो, त्यातले दीड गेले, म्हणजे शंभरात दोनेक. वेळही साधारण तेवढाच वाचायला हवा. सारखाच आला. मला इतका आनंद झाला की मी तो कागद दादांना दाखवायला गेले.

"अठरा सेकंद," दादा म्हणाले. "आणि घाट किती वेळाचा?"

"पंधरा मिनिटांचा."

"आन् वर्षातनं घाट कितीदा चढतीस?"

"चार-पाचदा."

दादांनी कागद परत दिला आणि ते चष्मा पुसायला लागले.

तेव्हा माझं मन चपट्या नळ्यांच्या सायकलवर बसलं होतं. सात पावलं तर सात पावलं. वारा हाच माझा वैरी, आणि ती वाऱ्यासाठीच केलेली. शिवाय ती दिसायलाही देखणी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. घ्यायच्या आधी एकदा तिच्यावर लांब जाऊन यावं म्हणून मी दुकानदाराला विचारून ती एका सुट्टीच्या दिवशी मंद्रूपच्या रस्त्याला नेली. एकटीच होते. सकाळपासून पश्चिमेचा वारा सुटला होता. जाताना माझ्या उजव्या अंगाला बराच वेळ ऊस होता, उंच, दाट, रस्त्यापर्यंत आलेला. सायकल अशी पळत होती की मी मोठ्यानं हसले. एवढ्या वेगानं मी कधीच गेले नव्हते.

ऊस संपला. पुढचं रान नुकतं नांगरलेलं, मोकळं. वारा एकदम उजवीकडून आला आणि माझं पुढचं चाक कुणीतरी हातानं धरून डावीकडं ढकलल्यासारखं सरकलं. मी हँडल घट्ट आवळलं, तीच चूक झाली. चाक डांबरावरून खाली मुरुमात उतरलं आणि मी कोपरावर पडले.

पहिलं बघितलं ते सायकलकडं. खोटं कशाला सांगू, हाताकडं नंतर बघितलं. गिअरचा खटका घासला होता, हँडलवरची पट्टी फाटली होती. मग कोपर दिसलं. रक्त आणि मुरूम एकत्र झाले होते. नांगरलेल्या रानातून एक बाई पाण्याची बाटली घेऊन आली.

"लई लागलं का वो, बाई?"

"नाही, खरचटलंय."

"कशानं पडलासा? गाडी तर न्हाय आली."

"वाऱ्यानं."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मग सायकलच्या चाकाकडं बघितलं. रिमच्या खोल भागावर बोटानं टकटक केलं. "हे असलं पत्रं लावल्यावर वारा ढकलणारच की. हितं रोजचाच वारा हाय. आमी पत्र्याच्या दारालाबी भोकं पाडतो."

मी कोपर धुतलं आणि तिथंच बांधावर बसले. ती म्हणत होती ते इतकं उघड होतं की मला स्वतःचीच शरम वाटली. मी सगळं मोजलं होतं, पण समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी. हिप्परग्याला त्या सकाळी बाजूचा वारा नव्हता, म्हणून तो माझ्या वहीतही नव्हता. आणि आमच्या मुलखात वारा समोरून येईलच, असं त्याला कुणी सांगितलंय?

दुकानापर्यंतचे ते बावीस किलोमीटर मी जपून आले, आणि सगळा वेळ काय बोलायचं ते जुळवत होते. घासलेला खटका भिंतीकडं करून सायकल उभी केली असती तर तो पटकन दिसला नसता. ही कल्पना माझ्या डोक्यात आली होती, हेही सांगितलं पाहिजे. दुकानात पाऊल टाकताच मी म्हटलं, "मी पडले. सायकलला लागलंय. भरपाई देते."

तो काउंटरमागून उठून आला. सायकल हातात घेतलीच नाही, माझं कोपर उचलून उजेडात धरलं. "हाड? बोटं हलवा. मनगट फिरवा." सगळं हललं. मग तो सायकलपाशी बसला, खटका बघितला, पट्टी बघितली, चाक फिरवून बघितलं.

"अक्का, तुमचं वजन किती?"

"बावन्न."

"मग चूक माझी हाय. ही चाकं बावन्न किलोच्या माणसाला द्यायचीच नव्हती. मी नव्वदचा, मला ढकलायला वाऱ्याला दोनदा इचार करावा लागतो. मी चालवून बघितली, मला काय झालं नाही, म्हणून मी दिली."

खटक्याचे आणि पट्टीचे पैसे मी हट्टानं दिले. त्यानं ते घेतले, पण चाकाचं बोलणं त्याच्या मनातून गेलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "उद्या दादांना घेऊन या. तुमची मापं घेऊ. आपण सायकल मोजत बसलो, तुम्हाला मोजलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दादा कपड्याची टेप खिशात घालून आले. दुकानदारानं मला भिंतीला उभं केलं, पायाचं माप घेतलं, हाताचं घेतलं. दादांनी मागून माझे खांदे मोजले, हाडापासून हाडापर्यंत. छत्तीस सेंटिमीटर. मग त्यांनी तीच टेप तिन्ही सायकलींच्या हँडलला लावली. तिन्हींना बेचाळीस.

"हे कुणाच्या मापाचं?" दादांनी विचारलं.

"कंपनीतनंच असं येतं. पुरुषाच्या मापाचं."

"म्हणजे ही वाऱ्यात हात फाकवून बसती."

दुकानदारानं दादांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी बाहेर लावलेल्या माझ्या जुन्या सायकलवर बसून दाखवलं. खरंच, माझे हात खांद्यांच्या बाहेर जात होते आणि मधे छातीवर वारा भरत होता, पडद्यात भरावा तसा. सहा वर्षं मी तशीच बसत होते आणि मागं पडत होते.

मी ॲल्युमिनियमची घेतली. दोन दिवस त्या देखण्या चपट्या सायकलची आठवण येऊन जीव जरा खट्टू झाला, पण घेतली. दुकानदारानं तिचं हँडल काढून छत्तीसचं मागवून बसवलं, हँडल आणि सांगाड्यातला जोड आखूड घातला, चाकं उथळ रिमांचीच ठेवली आणि टायर मात्र चांगल्यातले घातले. उरलेल्या पैशांतून मी फक्त कपडे शिवले. कबड्डीच्या मुलींचे ड्रेस शिवणारा एक टेलर आहे, त्याच्याकडं अंगाला चिकटून बसेल असा शर्ट शिवून घेतला. आधी मी मोठा सैल टी-शर्ट घालायचे. चव्वेचाळिसाव्या वर्षी घट्ट कपडे घालून रस्त्यावर जायचं म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. पहिल्या दिवशी मी गल्लीच्या तोंडापर्यंत वरून ओढणी घेऊन गेले. कोपऱ्यावर सोडली आणि पिशवीत कोंबली. विहारापाशी बसलेल्या दोघी ओळखीच्या बायका बघत राहिल्या. एकीनं विचारलं, "कुठं निघालीस?" मी म्हटलं, "वारा मोजायला." ती म्हणाली, "लवकर ये."

हिप्परग्याच्या उतारावर आम्ही परत खुणा केल्या. जुनी सायकल आणि सैल शर्ट यांच्यापेक्षा नवी सायकल, अरुंद हँडल, घट्ट शर्ट आणि वाकलेली पाठ पंचावन्न पावलं पुढं गेली. त्यातली किती कुणाची, हे सुटं करायचं म्हणजे आणखी चार रविवार लागले असते. मला ते करायचं होतं. दादा म्हणाले, "आता चालव."

शर्यतीच्या सकाळी बोचरी थंडी होती आणि वारा पूर्वेचा. विजापूर रोडनं तीस किलोमीटर जायचं आणि वळून यायचं. सगळे एकत्र सुटणार होते, साठेक जण, त्यांत आम्ही बायका पाच. सुरुवातीला माझ्या शेजारी एक धिप्पाड गृहस्थ उभे होते, माळशिरसहून आलेले, उसाचे बागायतदार. त्यांच्या खाली तीच चपट्या नळ्यांची, खोल रिमांची सायकल. खटका नवा होता. मी ती लगेच ओळखली.

"ही इथल्या दुकानातली का?"

"व्हय. मागच्या महिन्यातच घेतली. तुम्ही चालवलीय काय?"

"चालवलीय. पडले होते."

ते मोठ्यानं हसले. "मला पाडायला जेसीबी लागंल."

पहिले पाच किलोमीटर मी एकटीच मधे कुठंतरी होते. मग गटाचे तुकडे पडले आणि माझ्या पुढं ते माळशिरसचे गृहस्थ आले. मी त्यांच्या मागं लागले. दुसऱ्याच्या आडोशानं चालवायचं असतं, हे माहीत होतं, पण आमच्या गटात मी आडोसा मिळेपर्यंत टिकतच नसे. आता टिकले. तरी आडोसा लागेना. वारा डावीकडून येतच होता. त्यांनी मान वळवली आणि ओरडले, "सरळ मागं नको, ताई! उजव्या अंगाला या जरा!"

मी हातभर उजवीकडं सरकले आणि वारा बंद झाला.

दुसरा शब्द माझ्याकडं नाही. बंद झाला. पायडल एकदम हलकं पडलं, इतकं की मला वाटलं साखळी निघाली. कानातला घोंगावणारा आवाज गेला आणि पहिल्यांदाच मला माझ्या टायरचा आवाज ऐकू आला. मी वर बघितलं. समोर त्यांची रुंद पाठ. त्या पाठीनं जे दिलं ते अडीच लाखांच्या कुठल्याही नळीनं दिलं नसतं. मला हसू येत होतं आणि श्वास पुरत नव्हता. मी हातभर डावीकडं जाऊन बघितलं, वारा आला. परत उजवीकडं, गेला. तीन-चारदा केलं. शर्यतीत आहे हे क्षणभर विसरलेच.

"काय चाललंय मागं?" ते ओरडले.

"बघतेय!"

"बघा, बघा!"

वळणावर आम्ही फिरलो तेव्हा मला वाटलं, आता माझी पाळी. मी पुढं झाले. दोन किलोमीटर मी त्यांना आडोसा द्यायचा प्रयत्न केला. शेवटी ते शेजारी येऊन म्हणाले, "ताई, तुमच्या मागं मला फक्त निम्मा मी लपवता येतोय. ऱ्हाऊ द्या. तुम्ही आता डाव्या अंगाला या."

"मग मी काय करू तुमच्यासाठी?"

"घड्याळ बघून वेग सांगत ऱ्हावा. मला आकडे दिसत न्हाईत, चष्मा घरी राह्यलाय."

मग मी परतीच्या सगळ्या रस्त्याला वेग ओरडून सांगत आले. तेहतीस. एकतीस, जरा वाढवा. चौतीस, पुरे. मंद्रूपच्या फाट्याजवळ आमच्या रविवारच्या गटातले तिघं आम्ही मागं टाकले. त्यांतल्या एकानं मला दोनदा बघितलं. शेवटच्या दोन किलोमीटरला ते माळशिरसचे गृहस्थ म्हणाले, "जावा आता," आणि बाजूला झाले. मी उरलंसुरलं सगळं पायांत घातलं. बायकांत दुसरी आले. पहिली आलेली मुलगी माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि सात मिनिटं पुढं होती. तिच्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, ती वेगळ्याच जातीचं चालवत होती.

दादा शेवटाच्या रेषेपाशी मफलर गुंडाळून उभे होते. माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, सायकल धरली आणि मागचं चाक उचलून, हातानं फिरवून ऐकलं. सवयीनं. माळशिरसचे गृहस्थ मागोमाग आले, धापा टाकत उतरले, दादांना नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमच्या लेकीनं मला आज पळवलं."

"मी?" मी म्हटलं. "मी तर तुमच्या आड लपून आले."

"एकटा असतो तर मी तीसच्या वर गेलो नसतो. मागनं कुणी आकडे वरडायला लागल्यावर माणूस पळतोच की."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वारा सोडून मी दुसरं काही बघितलंच नव्हतं. दादांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, "मग ह्यात सायकलीनं किती केलं?"

आम्हा दोघांनाही सांगता येईना. मग ते गृहस्थ म्हणाले, "पुढच्या येळेला अदलाबदल करून बघायची का? मी तुमची, तुम्ही माझी?"

"ती चाकं नकोत," मी म्हटलं. "चाकं माझी, सांगाडा तुमचा."

"चालंल. आधी कायतरी खाऊ."

आम्ही तिघं सायकली ढकलत रस्त्यापलीकडच्या गाड्यावर गेलो. दादांनी तीन प्लेट गरम भजी सांगितली, आणि भजी येईपर्यंत ते आणि माळशिरसचे गृहस्थ उसाच्या रसाचा चरक कसा बसवतात यावर बोलायला लागले.